आखाजीच्या दुपारी लागलेला दिवा

यावलकडे फिरायला कधी जावं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. थंडीत जा, तेव्हा वांग्याच्या भरताचे दिवस असतात, हे माझं ठरलेलं उत्तर. मी स्वतः मात्र पहिल्यांदा गेले ती भर वैशाखात, जेव्हा खानदेशातली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरीण व्हायला शिकत होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. त्या प्रवासाबद्दल आजवर तोंडी पुष्कळांना सांगितलं, लिहिलं मात्र नव्हतं. गावाचं नाव लिहिणार नाही, कारण त्या घरांतली माणसं अजून तिथेच राहतात.

झालं असं, की माझा थोरला भाऊ, आमचा दादा, एका वीज कंपनीत सुपरवायझर होता. त्याची ड्यूटी जळगाव-यावल भागात. आखाजीच्या आधी तो घरी आला होता. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, खानदेशातला सगळ्यात मोठा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके बांधले जातात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांनाही जेवू घालतात. जेवताना दादा म्हणाला, "सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे लाइनमन खांबावर चढायला तयार नाहीत."

"का?"

"खांब बोलतो म्हणे."

मला हसू आवरेना. आमरस नाकात गेला. "काय बोलतो?"

"ते ऐकायलाच चाललोय."

"मग मीही येते," मी म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला. "आखाजीला जगातल्या पोरी घरी येतात, आणि आमची घराबाहेर चालली!" पण दादाने नको म्हटलं नाही, याचं मला नवल वाटलं. नंतर ओट्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याच गावचा भिका नावाचा तरुण लाइनमन मागच्या उन्हाळ्यात त्या खांबावर विजेचा धक्का लागून गेला होता. तेही दुपारी, वीज बंद असताना. पॉवर हाऊसचा ड्रायव्हर देवाशपथ सांगत होता की इंजिनं थंड होती. चौकशी करणाऱ्यांनी 'निष्काळजीपणा' असं लिहून विषय मिटवला.

"बंद तारेवर माणूस मरत नाही," दादा म्हणाला. "आणि भिका निष्काळजी नव्हता. मीच शिकवला होता त्याला. आता त्याच खांबावर मला माझ्या दुसऱ्या लाइनमनला, सुपडूला चढवायचंय, आणि पहिला का मेला हेच मला ठाऊक नाही."

माझं हसू तिथेच विरलं.

धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगावला आलो. ही छोटी गाडी वाटेत प्रत्येक बाभळीची विचारपूस करत जाते, तेव्हा घाई असणाऱ्याने पारोळ्यावरून एस्टीने जावं. चाळीसगावला गाडी बदलायची असते. फलाटावर टरबुजाच्या फोडी स्वस्त आणि गोड मिळाल्या. पाणी मात्र घरूनच न्यावं. सुपडू तिथेच आम्हाला येऊन मिळाला. तो अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा, काटक, मिशीला पीळ देण्याची सवय असलेला माणूस. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि जळगाव येईपर्यंत तो त्याच एका विषयावर बोलत होता. खांबाचं नाव मी काढलं तेव्हा मात्र तो खिडकीबाहेर बघू लागला.

"बोलस ताई, तो खांब," तो हळूच म्हणाला. "भर दुपारले बोलस. कान लायी पाह्यात."

"वारा असेल," दादा म्हणाला.

"वारा बंद शे तवय बी बोलस," सुपडू म्हणाला, आणि पुन्हा लग्नाच्या मांडवाकडे वळला.

रात्रीचा मुक्काम जळगावजवळ पिंप्राळ्याला, दादाच्या ओळखीच्यांकडे. तेव्हा पिंप्राळा म्हणजे निव्वळ खेडं होतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि शेवेची भाजी असं जेवण झालं. इतकी तिखट भाजी खाऊनही जो माणूस पाणी मागत नाही तो खरा खानदेशी, असं यजमान म्हणाले, आणि मी हट्टाने पाणी मागितलं नाही. त्याचे परिणाम इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी एस्टीने तापी ओलांडली. नदीपर्यंत सगळं करपलेलं, पिवळं, आणि पलीकडे एकदम केळीच्या बागा. ज्यांनी उन्हाळ्यात हा रस्ता पाहिला नाही त्यांना हे खरं वाटणार नाही. धुळीतून गाडी अचानक हिरव्या अंधारात शिरते. मला आधी गार वाटलं, बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्या बागांमध्ये एकही पक्षी ओरडत नव्हता. ओल्या मातीचा आणि कुजणाऱ्या पानांचा वास तेवढा होता, आणि आत कुठेतरी इंजिन ठुपठुपत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं. आवाज एकदा डावीकडून यायचा, एकदा उजवीकडून.

यावलच्या पुढे एका बाजारगावाच्या वेशीबाहेर पॉवर हाऊस होतं. पत्र्याची उंच शेड, आत दोन डिझेल इंजिनं, माणसापेक्षा मोठी चाकं, आणि काचेच्या घड्याळांसारख्या काट्यांची एक फळी. दिवसभर सगळं बंद. दिवेलागणीच्या सुमाराला ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तेव्हा पायाखालची फरशी थरथरू लागली.

"आता ऐक," दादा माझ्या कानाशी ओरडला. "गावात दिवे लागतील तसं इंजिन जड होईल."

आणि खरंच तसं झालं. आधी मोकळा, हलका असलेला आवाज हळूहळू दबत गेला, जसा ओझं डोक्यावर घेतल्यावर माणसाचा श्वास होतो. दूर कुठल्या तरी घरात बाई दिवा लावते आणि ते इथे या लोखंडाला समजतं, या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला. मी तसं म्हटलं. दादाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"वीज काही कोठीत भरून ठेवता येत नाही," तो म्हणाला. "घरात जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी इथे तयार करायची. कमी पडली तर दिवे मंद, जास्त झाली तर दिवे फुटतात. म्हणून हा माणूस रात्री दहापर्यंत या काट्यावरून नजर काढत नाही."

पुढचा रस्ता बैलगाडीचा. रस्त्याच्या कडेने तारांचे खांब आमच्याबरोबर चालले होते. दादा वाटेत समजावत होता: लांब न्यायची म्हणून पॉवर हाऊसात विजेचा जोर चढवतात, गावाच्या तोंडाशी खांबावरच्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिचा जोर उतरवतात, आणि मग ती घरात जाते. "पेटी बोलते ती तेव्हाच," तो म्हणाला, "तिच्यात वीज असली की बारीक गुणगुणते. सुपडू, तू संध्याकाळी ऐकलं असशील."

"दुपारले," सुपडू म्हणाला. "संध्याकाळले मी घर राहस."

गाव जवळ आलं तेव्हा अंधार पडला होता, आणि घराघरात पिवळे दिवे होते. आमची उतरायची सोय आबांकडे होती. आबा म्हणजे केळीचे मोठे बागायतदार, सत्तरीचे, पांढरं धोतर, आवाज इतका मऊ की जवळ सरकून ऐकावं लागे. गावात वीज यावी म्हणून कंपनीत खेटे घालणारे तेच. भिकाला नोकरीला लावणारेही तेच. भिकाचा बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे तो आबांच्या अंगणातच वाढला होता. त्याचं नाव निघालं की आबा बोलता बोलता थांबायचे आणि उपरण्याने डोळे पुसायचे.

त्या घरी मी एक गोष्ट पाहिली. झोपताना मी दिवा मालवायला बटणाकडे हात नेला, तर आबांच्या सुनेने माझं मनगट धरलं.

"हात नको लावू वं बाई. तो आपला आपण येते, आपला आपण जाते."

त्या गावात कोणीच बटण बंद करत नसे. दिवेलागणीला वीज आली की सगळे दिवे एकदम लागत, घरातली माणसं त्यांना हात जोडत; रात्री पॉवर हाऊस बंद झालं की सगळे एकदम विझत. बटण सदा चालूच. लक्ष्मी स्वतःच्या पायाने येते, तिला आपण दाराबाहेर ढकलायचं का, असा त्यांचा हिशेब. मला गंमत वाटली. दादाला मी हे सांगितलंही नाही, इतकं ते मला किरकोळ वाटलं.

दुसरा दिवस आखाजीचा. पहाटेपासून घरात मातीच्या पालथ्या खापरावर पुरणाच्या पोळ्या उलटत होत्या. रुमालासारख्या पातळ, हातावर झेलून झेलून मोठ्या केलेल्या. ही पोळी दुसरीकडे कुठे मिळत नाही, तेव्हा खानदेशात आलात की लाजू नका, मागून घ्या. कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले होते आणि माहेरवाशिणी इतक्या जोरात गात होत्या की दादा वैतागला. पण त्यांच्यामुळेच घाई होती. खांबावरचा, तार पेलणारा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला होता आणि वीज संध्याकाळी धड टिकत नव्हती. आखाजीच्या संध्याकाळी झोक्यांवर अंधार झाला असता तर आबांनी ते मनाला लावून घेतलं असतं. वीज दिवसा बंद असते, तेव्हा काम दुपारीच करायचं. दादा सकाळी सायकलने पॉवर हाऊसला जाऊन आपल्या हाताने खटका पाडून आला. खोलीला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

"आता या तारेत मुंगीलाही धक्का लागणार नाही," तो सुपडूला म्हणाला. सुपडू मान हलवत होता, पण त्या दिवशी मिशीकडे त्याचा हात गेला नाही.

तेवढ्या वेळात आबांनी मला बाग दाखवायला नेलं. केळीच्या आत शिरलं की आभाळ नाहीसं होतं. आबा पुढे, मी मागे, आणि दोन्ही बाजूंना एकसारखी खोडं, एकसारखी पानं, मागे वळलं तर आलो तो रस्ता दिसेना. विहिरीवर त्यांचं तेलाचं इंजिन होतं. शेजारी गोणपाटाखाली झाकलेला एक डायनामो, इंजिनाच्या पट्ट्याने फिरून कंपनीसारखीच वीज तयार करणारा.

"हे आपलं इंजिन," आबा कौतुकाने म्हणाले. "केयीले पानी बी देते, अन् जावयाले वारा बी देते. आज तिन्ही जावई आले हायेत. दुपारी जेवाले बसले का सालदार गडी पट्टा चढवते, घरी पंखा फिरते."

गावात वीज येण्याच्या आधीपासून हा डायनामो होता. इथून एक तार झाडांवरून आबांच्या घराकडे जात होती. मी "छान" म्हटलं. मला त्यात काय कळणार होतं?

ऊन डोक्यावर आलं तसं गाणं थांबलं, झोके रिकामे झाले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी रिकाम्या गावातून चालणं मला रात्रीच्या वाटेपेक्षा कठीण वाटतं. सगळं लख्ख दिसत असतं आणि कोणीच नसतं. भिकाच्या आईने, यमुनाअक्कांनी, मला जेवायला बोलावलं होतं. "दादाची बहीण म्हंजे भिकाच्या घरचीच," असा निरोप होता. दादा आणि सुपडू गावाबाहेर खांबाकडे गेले, मी अक्कांच्या घरात शिरले.

घर एका खोलीचं, खिडकी नसलेलं. उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग कोपऱ्यात पाण्याने भरलेली मातीची घागर दिसली, तिच्यावर खरबूज ठेवलेलं, दोन सांजोऱ्या. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाची घागर भरतात, ती ही भिकाची. चुलीत निखारे होते. गल्लीतल्या चार-पाच बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. दारात आबा उभे होते, चपला काढून, हात जोडून. एवढा मोठा माणूस लाइनमनच्या घराच्या उंबऱ्याशी असा उभा राहिलेला पाहून मला कसंतरी झालं.

"कोणाची वाट बघताय?" मी कुजबुजले.

शेजारची बाई म्हणाली, "भिका येते. दुपारी. पानी प्यायले."

मी हसले असते. पण कोणीच हसत नव्हतं.

दुरून, बागेतून, इंजिनाची ठुपठुप सुरू झाली. अक्कांनी पुरणपोळीचा तूप लावलेला घास निखाऱ्यांवर टाकला. याला आमच्याकडे आगारी म्हणतात. धुराबरोबर तो घास गेलेल्या माणसाला पोचतो. धूर वर गेला. मी त्याच्याबरोबर वर बघितलं.

आढ्याला टांगलेल्या दिव्यातली तार लाल झाली होती.

उजेड नव्हता. नुसती लाल तार, निखाऱ्याच्या रंगाची, मंद, कमी-जास्त होणारी. कोणीतरी आत श्वास घेत असल्यासारखी. बायकांनी पदर डोक्यावर ओढले. अक्का वर बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आला का रे? लई ऊन हाये, नाही?"

खरं सांगते, तेवढ्यापुरता माझाही विश्वास बसला. खोलीत आमच्याशिवाय आणखी कोणीतरी आहे असं मला वाटलं, आणि आजही ती खोली आठवली की वाटतं. पण आदल्या संध्याकाळचं ते इंजिन डोक्यात होतं. दिवा लागतो तो तारेत वीज असते म्हणून. कोण आणतं, कुठून आणतं, मला ठाऊक नव्हतं. एवढंच समजलं की खांबावरची तार मेलेली नाही, आणि सुपडू तिच्याकडे चढतो आहे.

"हे नेहमी होतं?" मी ओरडले. "दादाला सांगितलं का नाही कोणी?"

"बोंबलू नको वं," शेजारच्या बाईने माझा हात धरला. "आपिसात कळलं तर दिवा काढून नेतीन. मंग तो कसा येईन?"

वर्षभर अख्ख्या गल्लीने हे मायेपोटी लपवून ठेवलं होतं. कधी दुपारी दिवा लागायचा, कधी नाही. लागला की भिका आला. अक्कांचा तेवढाच आधार, म्हणून परक्या माणसाजवळ ब्र काढायचा नाही.

मी हात सोडवून पळाले. चपला आतच राहिल्या. तापलेल्या मातीवर पाय टाकले की जीव जात होता, आणि मागून आबा "पोरी, थांब! पोरी!" म्हणत येत होते. गल्ली संपली, बागेची कड आली, आणि खांब दिसला. सुपडू पट्टा बांधून वर पोचला होता. खाली दादा. आणि त्या शांततेत, वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना, मला ते ऐकू आलं. खांबावरची पेटी बोलत होती. बारीक, एका सुरात, दात आवळून कोणी गुणगुणावं तसं.

"सुपडूभाऊ, हात लावू नका!" मी किंचाळले. "अक्कांच्या घरात दिवा लागलाय!"

दादाने आधी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. "सुपडू, हात खाली! उतर!"

सुपडूचा हात तारेपासून वीतभर लांब असेल. तो कसा उतरला ते त्यालाही आठवत नसावं. खाली आल्यावर तो खांबाला पाठ न टेकता मातीत बसला आणि नुसता आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

लाइनमनजवळ एक साखळी असते. काम करण्याआधी तिचं एक टोक जमिनीत रोवायचं आणि दुसरं बांबूने तारेवर टाकायचं, म्हणजे तारेत काही उरलं असेल तर जमिनीत जातं. खिशातल्या किल्लीवर भरवसा ठेवून त्या दिवशी दादाने ती टाकायला लावली नव्हती. आता त्याने ती स्वतः टाकली.

निळा भडका उडाला. फट् असा आवाज झाला. आणि त्याच क्षणी, दूर केळीच्या बागेत, ठुपठुपणारं इंजिन अडखळलं, ठसकलं, सैरभैर झालं आणि बंद पडलं. खांबाची गुणगुण थांबली.

मग कुठूनही काही ऐकू येईना. आम्ही सगळे बागेकडे बघत होतो. आबा माझ्या शेजारी उभे होते. आपलं इंजिन कोणतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. बागायतदार झोपेतसुद्धा आपल्या विहिरीचा आवाज ओळखतो.

"दादा," ते म्हणाले, "हे माह्यं इंजिन होतं."

दादाने त्यांना तिथेच मातीत बसवून सांगितलं. कंपनीची वीज घरात आली तेव्हा डायनामोची तार वेगळी ठेवायला हवी होती. मध्ये असा खटका लागतो की एका वेळी एकच वीज घरात येईल. इथे दोन्ही तारा एकत्र जोडलेल्या होत्या. मग दुपारी डायनामो चालला की वीज पंख्याकडे जाते, तशी घरातून उलटी बाहेर, गल्लीत, ज्या ज्या घरात बटण चालू आहे तिथे. भर उन्हात बाकीच्या घरांत कळत नाही, अक्कांच्या अंधाऱ्या घरात दिसते. आणि गल्लीतून ती खांबावरच्या पेटीत शिरते. "पेटीला दिशा कळत नाही, आबा. गावाकडे येताना जी पेटी जोर उतरवते, तीच उलटी जाणारी वीज चढवते. वर तारेत ती माणूस मारण्याइतकी होते."

"जोडलं कोनी?" आबांनी विचारलं. पण त्यांना ते आठवत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. खटका सारखा फिरवायला आबांना त्रास नको, म्हणून भिकानेच प्रेमाने तारा जोडून दिल्या होत्या.

"त्या दिवशी बी जावई आले होते," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले. मी म्हाताऱ्या माणसाला इतकं लहान झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी दादाला गळ घातली असती, अक्काला सांगू नका म्हणून, तर मला ते समजलं असतं. खरं तर मला तेच हवं होतं. पण आबा उठले, आम्हा दोघांना मागे घेऊन अनवाणीच परत अक्कांच्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळं स्वतः बोलले. भिकाने तारा जोडल्या होत्या हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "माह्या इंजिनानं गेला तो. दिवा बी माह्याच इंजिनाचा होता."

अक्का घागरीजवळ बसल्या होत्या. वरचा दिवा काळा होता. आबांवरची नजर काढून त्या दादाला म्हणाल्या, "मंग आता दुपारी नाही लागनार?"

"नाही, अक्का. ती जोडणी मी आजच तोडणार."

"तोडा," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. "दुसऱ्याचं पोरगं चढते वरते." त्यांनी चुलीतले निखारे राखेने झाकले आणि माझ्या पानात पोळी वाढली. ती पोळी मी कशी खाल्ली ते मला माहीत. पण टाकून उठायची माझी हिंमत झाली नाही.

दादाने जोड तोडला, साखळी टाकली, आणि सुपडू पुन्हा चढला. मी खाली उभी राहून पेटीकडे कान लावून होते. काही नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले, पोरी झोक्यांवर गायल्या, वीज एकदाही गेली नाही. गल्लीत एकच घर अंधारात होतं. अक्कांनी बटण बंद केलं होतं. त्या गावात बटण बंद करणाऱ्या त्या पहिल्या.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. घरी आल्यावर रात्री बसून त्याने चौकशीच्या कागदावरचा तो 'निष्काळजीपणा' खोडायला लावणारा अर्ज लिहिला, आणि मी तो साफ अक्षरात उतरवून दिला. दुपारी घरात एकटी असले की मी काही दिवस दिव्याकडे बघत नसे. मला भिकाची भीती नव्हती. भीती वाटायची ती एवढीच, की गल्लीभर माणसं इतक्या प्रेमाने गप्प बसू शकतात, आणि मी त्यांच्यातली असते तर मीही बसले असते.

दोन-तीन वर्षांनी सुपडू मुलीच्या मुलाच्या, म्हणजे नातवाच्या बारशाचं बोलावणं घेऊन धुळ्याला आला. मी अक्कांची चौकशी केली.

"बरी शे," तो म्हणाला. मग सांगू लागला. आबांनी दादाला विचारून, रीतसर, बागेतून एक वेगळी तार ओढली होती. कंपनीच्या तारेला तिचा स्पर्शही नाही. ती फक्त अक्कांच्या घरात जाते, एकाच दिव्यापुरती. आखाजीच्या दुपारी आबा सालदाराला घरी पाठवतात आणि स्वतः इंजिन लावतात. तिकडे दिवा लागतो, इकडे अक्का आगारी टाकतात. दिवा लख्ख असतो, आधीसारखा लाल नाही. आबा विहिरीवरच थांबतात, घराकडे जात नाहीत.

"अक्का काही बोलल्या त्यांच्याशी?" मी विचारलं.

सुपडूने मान हलवली. "नही. बोलत नही. पन तार काढ, असं बी म्हने नही."